पिस्तुलाचं दुसरं मॅगझीन घ्यायचं कुठून?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत परवान्याचं शस्त्र नवं नाही. डोंगरालगतच्या वाड्यांमध्ये भाताला रानडुकरांचा उपद्रव असतो, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एकनळी किंवा दुनळी बंदूक काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यालाही बारा बोअरची बंदूकच दिसते. या बंदुकांना मॅगझीन नसतं. नळीत काडतूस घालायचं, झाडायचं, टरफल काढायचं, एवढाच कारभार. पिस्तूल आलं ते नंतर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, जमिनीचे भाव चढले, खोपोली-रसायनी पट्ट्यात कारखानदारी वाढली, कर्जतच्या आसपास फार्महाऊस उभी राहिली. जमिनीच्या व्यवहारातले लोक, सराफ, कारखानदार यांच्या कमरेला पिस्तूल आलं आणि त्याच्याबरोबर बंदुकीच्या काळात कधी न पडलेला एक प्रश्नही आला. पिस्तुलासोबत मिळालेलं मॅगझीन हरवलं, गंजलं किंवा त्याची स्प्रिंग मेली, तर दुसरं कुठून आणायचं? मूळ कारखान्याऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेलं, पण भरवशाचं, असं मॅगझीन मिळतं का?

माझं उत्तर आधीच सांगतो. आपल्याकडे आज असा उघडा, कायदेशीर आणि तपासलेल्या मालाचा बाजार नाही. जे दोन-तीन सरळ मार्ग आहेत ते अरुंद आहेत, आणि बाकीच्या वाटा तुरुंगाकडे किंवा अपघाताकडे जातात. हे असं का आहे ते समजून घेणं प्रत्येक परवानाधारकाच्या हिताचं आहे, कारण या बाबतीत चुकीचा सल्ला फार सहज मिळतो.

मॅगझीन हा पिस्तुलाचा सर्वांत साधा आणि सर्वांत नाजूक भाग. पत्र्याची एक चपटी नळी, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर ढकलणारा तुकडा, खाली तळपट्टी, आणि तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा. सगळा भरवसा या दोन कडांवर असतो. वरचं काडतूस किती उंचीवर, किती कोनात उभं राहील आणि मागून आलेल्या स्लाइडनं ढकलल्यावर नेमक्या कोणत्या क्षणी सुटेल, हे त्या कडा ठरवतात. मॅगझीन फरशीवर तोंडावर पडलं आणि एक कड केसभर वाकली, तर डोळ्यांना काही दिसत नाही. पण काडतूस नळीच्या तोंडावर नाक आपटून तिथेच अडकतं. स्प्रिंग थकली की शेवटची एक-दोन काडतुसं वेळेत वर येत नाहीत आणि स्लाइड रिकामीच पुढे जाते. मॅगझीनला मुठीत धरून ठेवणारी खाच झिजली की ते किंचित खाली सरकतं आणि तोच गोंधळ होतो. पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलालाच दोष देतात. जाणता कारागीर आधी मॅगझीन बघतो.

आता बाहेरच्या देशांतल्या कीर्तीबद्दल, कारण अनेकांचा गोंधळ इथून सुरू होतो. अमेरिकेत पिस्तुलांची मॅगझिनं बनवणारा स्वतंत्र धंदा फार मोठा आहे. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदूककारांच्या गावातली मेक-गार ही कंपनी तर केवळ मॅगझिनांसाठी ओळखली जाते. नामांकित पिस्तूल कारखान्यांना ती स्वतः माल पुरवते, त्यामुळे तिथे ‘बाहेरचं’ आणि ‘कंपनीचं’ यांतली सीमाच पुसट होते. अशा कंपन्यांची नावं ऐकून इथला परवानाधारक ती शोधू लागतो. पण तिथली कीर्ती ज्या मालावर उभी आहे त्यात मोठा वाटा ९ मिलिमीटर पॅराबेलम या काडतुसाचा आहे, आणि ते काडतूस आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. नागरिकाच्या पिस्तुलाला इथे मुख्यतः .३२ बोअर, म्हणजे ७.६५ मिलिमीटर, आणि नेमबाजाला .२२ बोअर. हा फरक नुसता जाडीचा नाही.

९ मिलिमीटरच्या काडतुसाचा मागचा कंगोरा अंगाबाहेर येत नाही, त्यामुळे काडतुसं एकावर एक गुळगुळीत सरकतात. पिस्तुलाचं .३२ काडतूस जॉन ब्राउनिंगनं बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी १८९९ च्या सुमारास आखलं, आणि त्याचा कंगोरा अंगापेक्षा थोडा रुंद ठेवला. वरच्या काडतुसाचा कंगोरा खालच्याच्या कंगोऱ्यामागे गेला की दोन्ही एकमेकांत अडकतात. मग स्प्रिंग कितीही जोरात असो, काडतूस पुढे जात नाही, आणि झटका देऊन पिस्तूल सुटतही नाही. मॅगझीन काढून रिकामंच करावं लागतं. ज्या मॅगझीनमध्ये आतली लांबी थोडी जास्त राहिली, किंवा ज्यात काडतुसं निष्काळजीपणे भरली, त्यात हा दोष जास्त. .२२ च्या काडतुसाचा कंगोरा तर पूर्णच बाहेर असतो. म्हणजे भारतीय नागरिकाच्या वाट्याला नेमकी तीच दोन काडतुसं आली आहेत ज्यांची मॅगझिनं बनवायला सर्वांत जास्त काटेकोरपणा लागतो. ९ मिलिमीटरच्या मॅगझीनची स्तुती वाचून .३२ साठी तोच निष्कर्ष काढणं म्हणूनच चूक आहे.

आणखी एक सापळा नावांचा. .३२ म्हटलं की काम झालं असं नाही. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगळी काडतुसं, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. मॅगझिनांतही तसंच. ब्राउनिंगच्या १९१० च्या पिस्तुलात सात काडतुसं बसतात. त्याच घराण्यातल्या १९२२ च्या पिस्तुलाची मूठ लांब आणि मॅगझीन नऊ काडतुसांचं. काहींचा खटका मुठीच्या तळाशी, तर वाल्थर पीपीचा बाजूला बटणाचा, त्यामुळे धरून ठेवणारी खाचही वेगळ्या जागी. वाल्थर पीपी .३२ मध्येही निघालं आणि .३८० मध्येही. ‘वाल्थरचं आहे, बसेल’ एवढ्यावर घेतलेलं मॅगझीन बसतंही, आणि अडकतंही.

कायद्याकडे वळू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये ‘शस्त्र’ आणि ‘अग्निशस्त्र’ या दोन्हींच्या व्याख्येत त्यांचे भाग समाविष्ट आहेत. बाजारात पत्र्याची डबी म्हणून हातात येणारी वस्तू कायद्याच्या नजरेत पिस्तुलाचाच भाग ठरते. कलम ४५ मध्ये एक सूट आहे खरी: किरकोळ सुटे भाग, जे आपल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या ताब्यातल्या पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही, त्यांना अधिनियम लागू होत नाही. जुन्या वस्तूंचा संग्राहक या सुटीचा आधार कदाचित मागू शकेल. परवान्याच्या पिस्तुलात घालण्यासाठीच जो मॅगझीन आणतो, त्याच्या बाबतीत मात्र हेतू स्पष्टच आहे, म्हणून ही सूट त्याच्या कामाची नाही. त्याचं संरक्षण एकच: त्याच शस्त्राचा वैध परवाना, आणि परवानाधारक विक्रेत्याची पावती.

बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं या सगळ्यांना कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडणाऱ्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. विनापरवाना बाळगण्याची शिक्षाही त्याच दुरुस्तीनं किमान दोन ते कमाल पाच वर्षं झाली. आयातीला कलम १० खाली स्वतंत्र परवाना लागतो, आणि सामान्य नागरिकाला पिस्तूल आयात करण्याची वाट १९८० च्या दशकापासून बंदच आहे. परदेशी विक्रेत्याला पैसे भरून टपालानं मागवलेलं मॅगझीन सीमाशुल्क खात्यात अडकलं, तर अडकतं ते मॅगझीनच नव्हे, मागवणाराही.

खोपोलीचा उल्लेख इथे मुद्दाम करतो. या गावाला यंत्रांची जुनी सवय आहे. १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र, भोवती पोलादाचे, पाइपांचे कारखाने, आणि त्यांच्या जिवावर जगलेली लेथ-मिलिंगची छोटी वर्कशॉप. पत्रा कापून डायमध्ये दाबणं, स्प्रिंग वळवून घेणं हे इथल्या चांगल्या फिटरला अवघड नाही. म्हणूनच ‘नमुना दाखवला की आपला माणूस करून देईल’ हा सल्ला इथे सहज कानावर येतो. असं काम सांगणारा माणूस स्वतःबरोबर त्या फिटरलाही सात वर्षांच्या कलमाखाली उभा करतो. फिटरला बहुधा माहीतही नसतं की मॅगझीनची कड सरळ करून देणं हीसुद्धा शस्त्राची दुरुस्ती ठरू शकते. आपल्या शेजाऱ्याचं घर धोक्यात घालून आपली सोय करणं मला अक्षम्य वाटतं.

दुसरा सल्ला फार्महाऊसचा. मॅगझीन नवं आहे, शनिवारी मळ्यात जाऊन दोन-चार गोळ्या झाडून बघू. कर्जतच्या कुठल्याही मळ्यापलीकडे आज वस्ती आहे, आदिवासी वाडी आहे, गुरं चारणारी पोरं आहेत. ७.६५ ची गोळी शेकडो मीटर जाते. २०१९ च्या दुरुस्तीनं निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. स्वसंरक्षणासाठी दिलेला परवाना मळ्याला चाचणीचं मैदान बनवत नाही.

तिसरी वाट काळ्या बाजाराची. रायगड, ठाणे, पुणे पोलिसांच्या बातम्यांत ‘गावठी बनावटीचं पिस्तूल, मॅगझीन आणि जिवंत काडतुसं’ ही ओळ ठरलेली असते. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, किंवा बिहारमधलं मुंगेर, इथून हा माल येतो हे पोलीस तपासांतून वारंवार पुढे आलं आहे. गावठी मॅगझीन हाताच्या मापानं बनतं, एका पिस्तुलाचं दुसऱ्याला बसत नाही, पत्र्याला योग्य कडकपणा दिलेला नसतो. पण त्याच्या दर्जाची चर्चा करणंच मला गैर वाटतं. वैध परवान्याच्या पिस्तुलात असं मॅगझीन सापडलं, तर मालकाला आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा द्यायला काहीच उरत नाही. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ताब्यासाठी जाणीव आणि नियंत्रण हवं असं सांगितलं. चुकून बॅगेत राहिलेल्या काडतुसावर अनेकांना हा बचाव मिळाला आहे. स्वतः पैसे देऊन विकत घेतलेल्या मॅगझीनला तो कसा मिळणार?

आता सरळ वाटा. पहिली, देशी पिस्तूल असेल तर मूळ कारखान्याचं मॅगझीन. ईशापूर रायफल फॅक्टरीचं .३२ चं ‘अशनि’ हे नागरिकांसाठीचं सरकारी पिस्तूल. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रं कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे गेली, काडतुसं पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. आपल्या हातात येणाऱ्या .३२ च्या टरफलावरचा ‘के एफ’ हा शिक्का खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, म्हणजे घाट चढल्यावर लागणाऱ्या गावाचा. पिस्तूल घेतानाच मूळ कारखान्याचं जादा मॅगझीन मागावं, हे मी प्रत्येकाला आग्रहानं सांगेन. त्या दिवशी कागद समोर असतात, परवाना उघडा असतो, विक्रेत्याला नोंद करणं सोपं असतं. पाच वर्षांनी तोच भाग मिळवताना दमछाक होते. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक आणि मॅगझिनांची संख्या लिहून घ्यावी. कर्जतकराला मुंबई आणि पुणे दोन्ही बाजूंचे परवानाधारक विक्रेते लोकलनं किंवा एक्सप्रेसनं गाठता येतात, ही या जंक्शनची सोय. शंका असेल तिथे अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी विचारावं. दोन्ही तालुके नवी मुंबई आयुक्तालयाबाहेर, रायगड पोलिसांच्या हद्दीत येतात, म्हणून परवान्याचा अधिकारी अलिबागचाच.

दुसरी वाट वारशाच्या पिस्तुलाची, आणि ती खरोखर कठीण आहे. आजोबांनी घेतलेलं वेब्ली, ब्राउनिंग किंवा वाल्थर, त्याचं एकुलतं मॅगझीन सत्तर-ऐंशी वर्षांचं. आयात बंद असल्यानं देशात फिरणारी जुनी मॅगझिनंच हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत भरमसाट असते. असं मॅगझीन परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावं आणि घेण्याआधी आपलं पिस्तूल घेऊन जावं. मुठीत घातल्यावर खटका स्वच्छ लागतो का, हातानं खाली ओढल्यावर हलतं का, रिकामं असताना ढकलणारा तुकडा बोटानं दाबून सोडला तर विनाअडथळा वर येतो का, तोंडाच्या दोन कडा समांतर आहेत का, शिवणीवर डाग देऊन जोडल्याच्या खुणा आहेत का, हे दुकानातच कळतं. पुढची परीक्षा मान्यताप्राप्त रेंजवर, आपण नेहमी वापरतो त्याच काडतुसांनी. आणि एक कटू गोष्ट: पिस्तुलाला साथ देणारं मॅगझीन मिळत नसेल, तर स्वसंरक्षणासाठी त्या पिस्तुलावर भिस्त ठेवू नये. कानपूरचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं, ‘प्रबल’ २०२३ मध्ये. दोन्ही .३२ ची रिव्हॉल्व्हर, फिरत्या चक्रात काडतुसं, मॅगझीनची भानगडच नाही. आमच्या भागातल्या बहुतेकांची गरज रिव्हॉल्व्हरनं नीट भागते, असं माझं मत आहे.

तिसरा वर्ग नेमबाजांचा. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत अथेन्स ऑलिंपिकमधल्या रायफल नेमबाज सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला, तेव्हापासून खालापूर-कर्जतच्या मुलांनाही हा खेळ हाकेच्या अंतरावर आला. दहा मीटर एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी मॅगझीनची काळजीच करू नये. त्या पिस्तुलात दर वेळी एकच छर्रा भरायचा असतो. काळजी सुरू होते पंचवीस मीटरला, .२२ च्या पिस्तुलाशी. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. तिथे पाच गोळ्यांची फैर असते आणि महिलांच्या वेगवान टप्प्यात दर गोळीला लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांना आठ, सहा आणि शेवटी चार सेकंद. आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तूल बिघडणं माफ आहे, पण मॅगझीन नीट न बसवणं किंवा यंत्रणा मोडलेली नसताना ते खाली पडणं माफ नाही. त्या गोळ्या गेल्याच. म्हणून या पातळीवरचे खेळाडू पार्दिनी, मोरिनी, वाल्थर यांची मूळ मॅगझिनंच वापरतात, प्रत्येकावर खूण करतात, आणि एखादं एकदा जरी अडलं तरी ते सरावापुरतं बाजूला काढतात. नामांकित खेळाडूंना आयातीची सवलत आहे. नवशिक्यांना ती नाही, आणि त्यांचं नुकसान तिथेच होतं.

देखभालीचं मोल आपल्या पावसात फार आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरते, कपाटात बुरशी येते, आणि चामड्याच्या म्यानात ठेवलेलं मॅगझीन आतून गंजतं. म्यान पाणी धरून ठेवतं, म्हणून पावसाळ्यात शस्त्र त्यात ठेवूच नये. तळपट्टी सरकवून मॅगझीन उघडावं, कोरड्या फडक्यानं पुसावं, तेलाचा अगदी पुसट हात द्यावा. जास्त तेल काडतुसाच्या टोपीत शिरून ते फुसकं करतं आणि धूळही धरतं. स्प्रिंग दाबलेली राहिली म्हणून लगेच मरत नाही. ती गंजानं आणि वारंवार भरण्या-रिकामं करण्यानं थकते.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नाही. नळीत एक काडतूस राहिलेलं असू शकतं. ब्राउनिंग १९१० सारख्या काही पिस्तुलांत मॅगझीन नसताना चाप चालत नाही. वाल्थर पीपीत चालतो. ज्यानं पहिल्यावर हात बसवला, तो दुसऱ्यावर तोच विश्वास टाकतो आणि घरातल्या माणसाचा जीव जातो. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी आणि बोटानं तपासायची, मगच पुसायला बसायचं. हा क्रम घरातल्या मोठ्यांना पाठ हवा, आणि मुलांच्या हाती यातलं काहीच लागायला नको.

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. मूळ कारखान्यानं आपल्या मॅगझिनांवर क्रमांक घालून ती परवान्याच्या राष्ट्रीय नोंदणी क्रमांकावर थेट विकावीत, आणि जुनं मोडकं मॅगझीन परत घेऊन नवं द्यावं. परवाना देताना सरकारनं माणूस तपासलेला असतो, शस्त्र नोंदवलेलं असतं. मग त्याच शस्त्राच्या झिजणाऱ्या भागासाठी त्याला अंधारात चाचपडायला लावण्यात कुणाचंच भलं नाही. तोवर निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायची वेळ आली, तर मॅगझिनं किती ते पोचपावतीवर लिहून घ्यावं, आणि परत घेताना तीच मॅगझिनं, तेवढीच, आणि कडा न वाकलेली आहेत ना, हे काउंटरवरच बघावं.